रविवारची सुट्टी

जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये रविवारची तयारी शनिवारीच उरकावी लागते. दूध, पाव, बटाटे, सगळं आदल्या दिवशी भरून ठेवायचं, कारण दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. काही बेकऱ्या सकाळी थोडा वेळ उघडतात, स्टेशनातली नि पेट्रोल पंपावरची दुकानं चालू असतात, एवढंच. मला मात्र खरं नवल वाटलं ते आवाजांबद्दलच्या नियमांचं. रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही. कोपऱ्यावर रिकाम्या बाटल्यांसाठी मोठ्या टाक्या असतात. पांढरी, हिरवी, तपकिरी काच वेगवेगळी. रविवारी त्यांत बाटल्या टाकू नका, असं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. काच फुटल्याच्या आवाजाने कुणाची विश्रांती मोडू नये म्हणून! शेजाऱ्याची इतकी काळजी घेणारा नियम मला फार आवडला.

या विश्रांतीला तिथे थेट राज्यघटनेचा आधार आहे. १९१९च्या वायमार राज्यघटनेत रविवारला संरक्षण देणारं कलम होतं, ते १९४९च्या घटनेनेही कायम ठेवलं. हे समजलं तेव्हा मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, ती त्यांनी मागणी लावून धरली म्हणून. रविवार हा खंडोबाचा वार, हेही एक कारण त्यांनी पुढे केलं होतं.

स्टुटगार्टमधल्या माझ्या मैत्रिणीच्या शेजारच्या आजींनी एका रविवारी आम्हाला संध्याकाळच्या जेवणाला बोलावलं. प्रत्येकापुढे ताटाऐवजी एक छोटी लाकडी फळी. मधोमध काळसर पाव, लोणी, दोन-तीन प्रकारचं चीज, आंबवलेली काकडी, मुळ्याच्या लालबुंद कडांच्या चकत्या. ज्याने त्याने आपला पाव कापायचा, हवं ते वर ठेवायचं. गॅस पेटलाच नाही. आजी पहिल्यापासून शेवटपर्यंत आमच्याबरोबर बसून जेवल्या, गप्पा मारत.

आमच्या घरी रविवार म्हणजे मटण. सकाळी बाबा पेपर उघडायचे तेव्हा आईचं वाटण सुरू झालेलं असायचं. दुपारी आमची पंगत उठली की ती एकटी जेवायला बसायची, आणि चार वाजता पुन्हा चहाचं आधण. लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आली नव्हती.

परतल्यावर रविवारी रात्री आम्ही दुपारच्या भाकऱ्या, दही, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा मधोमध मांडून बसलो. रस्सा तरी गरम करते, म्हणत आई दोनदा उठली. दोन्ही वेळा आम्ही तिला हाताला धरून बसवलं.