चिनी माणसाचा होकार

धाकटी मुलगी कॉलेज सांभाळून चिनी भाषेच्या वर्गाला जाते. जेवणं आटोपली की ती मोठ्याने धडा म्हणते आणि मी पुस्तक धरून बसतो. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या 'हो'सारखा सगळीकडे चालणारा एकच शब्द त्या भाषेत नाही.

'जाणार का?' म्हटलं तर उत्तर 'छ्यू', म्हणजे 'जाणार'. 'आहे का?' तर 'यो', म्हणजे 'आहे'. विचारलेलं क्रियापदच परत द्यायचं. सांगितलेली गोष्ट खरी असेल तर 'दुई', म्हणजे बरोबर. काही करायचं ठरलं की 'हाव', म्हणजे चांगलं, ठीक आहे. या 'हाव'ला शेवटी 'आ' जोडला तर होकार मनापासूनचा. 'बा' जोडला तर आपल्याकडे घरोघरी 'बरं बाबा!' म्हणतात, तसला. नुसतं समजलं एवढंच सांगायचं तर 'मिंग बाय ल'.

'तू जाणार नाहीस का?' याला चिनी माणूस म्हणतो, 'दुई, बू छ्यू'. बरोबर, नाही जाणार. आपणही 'हो, नाही जाणार' असंच म्हणतो. इंग्रजीत मात्र तिथे 'नो' लागतं. त्या 'यस-नो'ने आमच्या वेळी किती पोरांना मुलाखतीत घाम फोडला!

विहारात आपण तीनदा 'साधु' म्हणतो. बौद्ध सूत्रांच्या चिनी भाषांतरांत त्यासाठी 'शान त्साय' आहे. पण तो शब्द ग्रंथातला, बाजारहाटातला नव्हे.

मी अडलो तो 'समजलं'पाशी. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत पुनर्वसनाची सभा झाली. आलेल्या अधिकाऱ्यांनी नकाशा दाखवून विचारलं, 'समजलं ना सगळ्यांना?' बायाबापड्या म्हणाल्या, 'हो.' इतिवृत्तात लिहिलं गेलं, उपस्थितांनी संमती दिली. तो कागद दुरुस्त करून घ्यायला आम्हाला दीड वर्ष हेलपाटे घालावे लागले. ज्यांच्या आज्या-पणज्यांना 'जी'खेरीज दुसरा शब्द काढायची सोय नव्हती, त्यांच्या 'हो'चा हवा तो अर्थ लावणं फार सोपं असतं.

आता महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही तीन प्रश्न वेगवेगळे विचारतो. समजलं का? बरोबर आहे का? करायचं का? प्रत्येकीने विचारलेलाच शब्द परत द्यायचा. परवा एक आजी पहिल्याला 'समजलं' म्हणाल्या, दुसऱ्याला 'बरोबर आहे' म्हणाल्या आणि तिसऱ्याला 'नाही करायचं'. ठराव पुढच्या बैठकीवर गेला.