ओठ न मिटता

दिवाळीच्या सुटीत पवनीच्या एका घरी मुलांनी खेळ मांडला होता. नियम एवढाच, की बोलायचे, पण ओठाला ओठ लागू द्यायचा नाही. ज्याचे ओठ मिटतील, तो बाद. "यात काय कठीण आहे? मी—" असे म्हणत धाकटा पुढे सरसावला आणि त्या 'मी'नेच बाद झाला!

प, फ, ब, भ आणि म या पाच वर्णांना व्याकरणात ओष्ठ्य म्हणतात. ओठ मिटल्यावाचून त्यांचा उच्चार होत नाही. 'व' म्हणताना ओठ जवळ येतात, पण मिटत नाहीत. म्हणून त्याला या खेळात माफी असते. एवढ्या मोठ्या वर्णमालेतून पाच वर्ण वगळले, तर बिघडले काय, असे प्रथम वाटते. परंतु त्यांच्याबरोबर पाणी जाते, भाकर जाते, भात जातो. बाप, भाऊ, बहीण, मामा ही सारी माणसे घराबाहेर पडतात. वऱ्हाड-झाडीकडची 'माय'ही जाते. 'आई' मात्र राहते, कारण तो शब्द उघड्या तोंडाचाच आहे. भंडारा जिल्ह्याचे तालुके सात. त्यांपैकी खुद्द भंडारा, तुमसर, मोहाडी आणि पवनी हे चार अडतात. साकोली, लाखनी आणि लाखांदूर सुखरूप सुटतात. पितळ अडते, कोसा सुटतो. तळ्यातला मासा अडतो आणि त्याच तळ्यातला शिंगाडा सुटतो.

हा खेळ केवळ मुलांचा नव्हे. बारामतीस राहणारे कवी मोरोपंत (१७२९-१७९४) यांनी रामाची कथा अनेक वेळा, निरनिराळी बंधने स्वतःवर घालून घेऊन रचली. त्यांतील एकाचे नाव 'निरोष्ठ रामायण'. कवीची अडचण किती मोठी, ते पाहा. ज्याची कथा सांगायची, त्या रामाचेच नाव घ्यायचे नाही! लक्ष्मण, भरत, सुमित्रा, मारुती, बिभीषण हे सर्व वर्ज्य. सीता राहिली हे भाग्य. पण रावणही राहिला. त्याला कसलीच आडकाठी नाही. नायकाला बंदी आणि खलनायकाला दार मोकळे, असा हा विलक्षण न्याय! मोरोपंत हे कवीचे स्वतःचे नावही दारातच अडते. अशा वेळी उपयोगी पडतो तो भाषेचा साठा. राम गेला तरी राघव आहे, दाशरथी आहे. मारुती गेला तरी अंजनीसुत आहे. पाणी गेले तरी जल आहे, नीर आहे. एका वस्तूला ज्याच्यापाशी एकच शब्द, त्याने या वाटेला जाऊ नये हे बरे.

इंग्रजीतही असा एक हट्टी लेखक होऊन गेला. १९३९ साली प्रसिद्ध झालेली 'गॅड्सबी' ही कादंबरी अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट याने 'ई' हे अक्षर न वापरण्याचा पण करून लिहिली. इंग्रजीत सर्वांत अधिक लागणारे अक्षर तेच, आणि कादंबरीत शब्द ५०,००० हून अधिक! चुकून बोट पडू नये, म्हणून त्याने टंकलेखन यंत्रावरची ती कळच बांधून ठेवली होती. मोरोपंतांपाशी बांधून ठेवायला अशी कळ नव्हती.

पवनीच्या घरी खेळ दिवेलागणीपर्यंत चालला. लाखनीहून आलेली आतेबहीण जिंकत होती. तिला गावाचे नाव सांगणे सोपे होते. धाकट्याचे गाव मात्र पहिल्याच अक्षराला ओठ मिटवणारे.

"तुझे गाव कोणते?" तिने हसत विचारले.

तो गप्प राहिला.

"लाखनीच सांग नि सूट!"

त्याने मान हलवली. दुसऱ्याचे गाव सांगून सुटायचे त्याच्या जिवावर आले होते. नदीच्या दिशेने पाहत तो बराच वेळ मनातल्या मनात शब्द जुळवीत बसला. मग एकेक अक्षर जपून टाकीत म्हणाला, "वैनगंगेकाठचे, तटाच्या आतले जुने नगर."

ती त्याच्या ओठांकडे टक लावून पाहत होती. ते एकदाही मिटले नव्हते.