विचार यायच्या आत

अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीतून संध्याकाळी पाचनंतर जायचं तर डोकं सांभाळून जावं लागतं. केंद्र सरकारच्या नोकरांची ही वसाहत. सेक्टरमागून सेक्टर, आणि दोन इमारतींमधल्या प्रत्येक पट्ट्यात एक सामना रंगलेला. वडिलांच्या बदलीबरोबर पोरं येतात, त्यामुळे एकेका संघात मराठी, तामिळ, मल्याळी, बिहारी असं सगळं केंद्र सरकार भरलेलं असतं. भांडणं मात्र मुंबईच्या हिंदीत. बोलिंग अंडरआर्म. तळमजल्याच्या खिडकीला लागला तर आउट, वर काकूंची बोलणी. जागाच एवढीशी, की सगळे फील्डर बॅटवाल्याच्या नाकासमोर. परवा तिथे एक पोरगा डाव्या हातात वडापाव धरून शेजारच्याला गणिताचा पेपर कसा गेला ते सांगत होता. बॅटवाल्याने आडवा घुमवला. पोराचा उजवा हात वर गेला आणि चेंडू त्यात येऊन बसला. बोलणं तुटलं नाही, वडापावातली चटणीसुद्धा सांडली नाही. मग त्याने आपल्याच हाताकडे असं पाहिलं, की हा चेंडू इथे कोणी ठेवला!

अशा वेळी आपण ‘उपजतच आहे हो’ म्हणतो आणि पुढे जातो. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण एकनाथ सोलकर.

1948 साली जन्मलेला सोलकर मरीन लाइन्सच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानावरच वाढला. वडील तिथे मैदानाची निगा राखायचे आणि बिऱ्हाडही तिथल्याच एका खोलीत. पुढे तो 27 कसोटी खेळला आणि त्यात त्याने 53 झेल घेतले. बहुतेक फॉरवर्ड शॉर्ट लेगला, आणि हेल्मेटशिवाय, कारण हेल्मेट तेव्हा क्रिकेटमध्ये आलंच नव्हतं. ऑगस्ट 1971 मध्ये ओव्हलवर इंग्लंडचा दुसरा डाव 101 धावांत आटोपला, चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेतले आणि वाडेकरच्या संघाने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली. त्या डावात अॅलन नॉट वेंकटराघवनला पुढे येऊन खेळला, चेंडू बॅटला लागून समोरच टपकायला निघाला आणि सोलकर त्याच्याखाली पोटावर सपशेल आडवा झाला. तो फोटो पाहिलेल्या माणसाला स्कोअरकार्ड आठवलं नाही तरी चालतं.

आता थोडं गणित करू. शॉर्ट लेगचा माणूस बॅटपासून तीनएक मीटरवर असतो असं धरा. कडक बसलेला चेंडू ताशी 90 किलोमीटरने निघाला, म्हणजे सेकंदाला 25 मीटर, तर ते अंतर कापायला त्याला 0.12 सेकंद लागतात. डोळ्याला दिसल्यापासून हात हलायला आपल्याला साधारण 0.2 सेकंद लागतात. म्हणजे हिशेबाने तो झेल घेताच येणार नाही. बॅट-पॅडचे झेल बरेचदा याहून संथ, लोंबत येतात हे कबूल. पण जे संथ येत नाहीत तेही घेतले जातात, याचं काय? चेंडू बॅटला लागायच्या आधीच हालचाल सुरू झालेली असते, एवढंच उत्तर उरतं. फलंदाजाचं मनगट, पुढे आलेला पाय, बॅटचा कोन हे सगळं वाचून झालेलं असतं. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड या दोन संशोधकांनी 2000 साली फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून दाखवलं, की खेळणाऱ्याची नजर चेंडूला चिकटून येत नाही. हातातून सुटताना ती चेंडू पाहते आणि तिथून थेट टप्पा पडायच्या जागी उडी मारून त्याची वाट बघते. जितका फलंदाज चांगला, तितकी ही उडी लवकर. ‘बॉलवरून नजर काढू नकोस’ असं शिवाजी पार्कात पिढ्यानपिढ्या ओरडत आलेल्या सरांना हे कोणी कळवलं आहे की नाही, देव जाणे.

पण मला यापेक्षा वेगळीच गोष्ट सतावते. शॉर्ट लेगला उभ्या राहिलेल्या माणसाचं खरंखुरं उपजत काय असेल? डोळे गच्च मिटणं, मान वळवणं, पाठ करणं. तान्ह्या मुलापासून सगळ्यांना येतं ते हेच, आणि ते शहाणपणाचंही आहे. 1998 साली ढाक्यात क्रिकेटपटू रमण लांबा हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला उभा असताना डोक्याला चेंडू लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. म्हणजे शरीर जे ओरडून सांगतं त्यात खोटं काही नाही. सोलकरचे हात चपळ होतेच. मला नवल वाटतं त्याच्या पापण्यांचं. त्या उघड्या ठेवायला किती वर्षं लागली असतील? ज्याला आपण सहजस्फूर्त म्हणतो, ते आधी असलेल्या दुसऱ्या सहजस्फूर्ताला दाबून त्याच्या जागी येऊन बसलेलं असतं.

ही अदलाबदल पाहायला मैदानावर जायची गरज नाही. अँटॉप हिलच्या माणसाला जीटीबी नगर किंवा वडाळ्याला लोकल गाठावी लागते. वडाळा रोडला हार्बरला फाटा फुटतो, एक गाडी सीएसएमटीकडे, दुसरी किंग्ज सर्कल, माहीमकडे. पुष्कळांना तिथे गाडी बदलायची असते, म्हणून गाडी पुरती थांबायच्या आत दारातली माणसं उतरायला लागतात. नवखा माणूस घाबरून अंग मागे टाकतो, पाय सरळ खाली ठेवतो आणि आपटतो. रोजचा माणूस गाडीच्या दिशेने तोंड करून पाय टाकतो, दोनचार पावलं गाडीबरोबर धावतो आणि त्याच धावण्यात जिन्याला लागतो. फोन कानालाच असतो. असं उतरू नये हे मीही सांगेन, रेल्वे तर रोज सांगते. पण ते धावणं बघा. घाबरून मागे जाणारं अंग त्याच्यात कुठे शिल्लक आहे?

आतल्या आवाजाचे गोडवे गाणाऱ्यांचं मला म्हणूनच हसू येतं. डॅनियल काहनमान हे अंतःप्रेरणेवर शंका घेणारे, तर गॅरी क्लाइन हे अग्निशामक दलातल्या अनुभवी माणसांचे झटपट निर्णय अभ्यासून तिची बाजू घेणारे. दोघांनी 2009 साली मिळून एक लेख लिहिला. त्यांचं एकमत झालं ते साधारण असं, की जिथे गोष्टी एका नियमाने घडतात आणि चूक झाली की लगेच कळते, तिथेच आतल्या आवाजावर भरवसा ठेवावा. शॉर्ट लेगला चूक नडगीवर कळते, तीही त्याच क्षणी. दलाल स्ट्रीटवर ती कळायला दोन वर्षं लागतात, आणि तोवर माणूस तिला अनुभव म्हणायला लागलेला असतो.

आणि न घडवलेलं, कच्चं उपजत कसं असतं तेही या शहराने पाहिलं आहे. 29 सप्टेंबर 2017 ला सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर, पाऊस म्हणून थांबलेल्या गर्दीत एकदम भीती पसरली आणि 23 माणसं गेली. त्यातला प्रत्येक जण जीव वाचवायलाच हलला होता. त्यावर जास्त लिहवत नाही.

इथवर माझं म्हणणं नीट चाललं होतं. पुढे आडवा येतो मयूर शेळके. 17 एप्रिल 2021, कर्जत मार्गावरचं वांगणी स्टेशन. दृष्टिहीन आईचं बोट धरून चाललेलं पोर प्लॅटफॉर्मवरून रुळांत पडलं. समोरून एक्स्प्रेस येत होती. ड्यूटीवरचा हा पॉइंट्समन रुळांवरून गाडीच्या दिशेने धावला, पोराला वर ढकललं आणि गाडी पोचायच्या जेमतेम आधी स्वतःही वर चढला. सीसीटीव्हीवर देशाने ते पाहिलं. आता याची तालीम कोणी कधी केलेली असते? गाड्यांचा वेग त्याच्या अंगात मुरलेला असेल, हे धरलं तरी त्यातून ‘मागे हो’ एवढंच निघायला हवं होतं. शिवाय विचार आलाच नाही असंही नव्हे. आपलाही जीव जाईल हे धावताना क्षणभर मनात आलं, असं त्याने नंतर सांगितलं. म्हणजे विचार आला, बरोबरही आला, पण पाय थांबले नाहीत.

नंतर त्याला पन्नास हजारांचं बक्षीस मिळालं. त्यातली निम्मी रक्कम त्याने त्या मुलाला दिली. इथे तर समोर गाडी नव्हती. बक्षीस जाहीर होऊन पैसे हातात पडेपर्यंत घरखर्च, हप्ते, नातेवाइकांचे सल्ले सगळं आठवायला भरपूर वेळ होता. तरी निघालं ते हेच. सोलकरच्या पापण्यांवरून मी जी मांडणी केली, तिच्यात हा माणूस कुठे बसवायचा ते मला अजून जमलेलं नाही.