ऐंशी घोडे आणि कुंझुमची खिंड

हिमालयात जाणाऱ्या मराठी माणसांचे आजवर दोन वर्ग होते. एक देवासाठी जाणारा, दुसरा हवेसाठी. पहिला बदरी-केदार करून येतो आणि शेजाऱ्यांना गंगाजल वाटतो. दुसरा सिमला-मनाली करून येतो आणि त्याच शेजाऱ्यांना फोटो दाखवितो. या दोहोंत न बसणारा एक तिसरा वर्ग अलीकडे निघाला आहे. तो हिमालयात गाडी मोडायला जातो, असे शेजारी म्हणतात. मोडू न देता ती परत आणायला जातो, असे तो स्वतः म्हणतो. २०१६ च्या ऑक्टोबरात या तिसऱ्या वर्गाबरोबर स्पितीच्या खोऱ्यात जाण्याचा योग मला आला.

मी मराठीचा प्राध्यापक. मोटारीविषयी माझे ज्ञान एवढेच, की ती चालू असली म्हणजे आवाज करते आणि बंद पडली म्हणजे मला खाली उतरून ढकलावी लागते. योग आला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे आणि वहीच्या समासात चाके काढी. पुढे त्याने एक जुनी मारुती जिप्सी घेतली आणि हिमालयातल्या शर्यतीसाठी ती नव्याने बांधायला काढली.

जिप्सी वाचकांनी पाहिली असेलच. निदान लष्कराच्या ताफ्यात तरी. १९८५ साली ती बाजारात आली. पुढे तिला १२९८ सीसीचे, ऐंशी अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. वजन जेमतेम एक टन, अंग आखूड, पुढेमागे बैलगाडीशी नाते सांगणारे पाटे, आणि हवी तेव्हा चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा. आत बसणाऱ्याच्या सुखाचा विचार करणाऱ्यांनी तो फारसा मनावर घेतलेला नसावा. पण १९९९ मध्ये 'रेड दि हिमालय' ही शर्यत सुरू झाली, तेव्हापासून पहाडी शर्यतींत हिच्याइतकी माया दुसऱ्या गाडीला क्वचितच लाभली. आता ती नवी मिळत नाही. त्यामुळे जुन्या जिप्सीला घरच्या म्हाताऱ्या माणसासारखे जपतात.

गाडी बांधण्याचे काम भोसरीतल्या एका शेडमध्ये चालले होते. मी प्रथम गेलो तेव्हा जिप्सी कुठे दिसेना. दिसला तो एक लोखंडी सांगाडा. भोवती जमिनीवर सीटा, गालिचा, दारांची अस्तरे, हूड असा ढीग. शर्यतीची गाडी बांधायची म्हणजे आधी ती उघडी करायची. जे वाहून न्यायला नको ते काढायचे. जे मोडेल ते दुप्पट मजबूत करायचे. पाट्यांच्या आधारांजवळ चासीला जादा पत्रा जोडला होता. एकेका चाकामागे एकाऐवजी दोन-दोन शॉकअप बसविले होते. इंजिनाच्या चेंबरखाली दगडांचा मार झेलायला जाड पत्र्याची ढाल होती. डिफरन्शियलला हवा घेण्यासाठी जी बारीक वाट असते, तिला रबरी नळी जोडून ती वर नेली होती. नाहीतर नाल्यातून जाताना आत पाणी शिरते आणि तेलाचे ताक होते.

मला मिलिंद राजाची आठवण झाली. नागसेनाने त्याला विचारले होते, राजा, तू रथातून आलास. पण रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? मी तोच प्रश्न शिष्याला केला. "अरे, एवढं सगळं बदललंस, मग ही जिप्सी उरली कुठे?"

"सर, चासीवरचा नंबर तोच आहे," तो म्हणाला. "आरटीओचं तेवढ्यावर समाधान होतं."

नागसेनाला हे उत्तर सुचले नव्हते.

पण त्या शेडमध्ये मी गेलो होतो तो तत्त्वज्ञानासाठी नव्हे. त्याच्या आईने मला पाठविले होते. नवरा गेल्यावर शिवणकाम करून त्यांनी मुलाला वाढविले. त्या मला म्हणाल्या होत्या, "सर, जाऊ नको असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी तो जाईल, आणि खोटं बोलून जाईल. पण तो पिंजरा का काय म्हणतात, तो तेवढा तुम्ही डोळ्यांनी बघून या."

पिंजरा म्हणजे गाडीच्या आत, माणसांच्या भोवती बसविलेली पोलादी नळ्यांची चौकट. गाडी उलटली तर टप चेपतो. पिंजरा चेपता कामा नये. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे डोक्यामागची मुख्य कमान बिनसांध्याच्या पोलादी नळीची लागते. जाडी ४५ मिलिमीटर आणि भिंत २.५ मिलिमीटर, निदान एवढी तरी. मिस्त्री एकेका जोडावर हातोडी वाजवून मला आवाज ऐकवीत होते. दोन जोड त्यांना पसंत नव्हते. वेल्डिंग वरून सुबक होते. पण आत धातू नीट मुरला नव्हता, असे त्यांचे म्हणणे. ते कापून पुन्हा करायचे तर नळी नवी, मजुरी नवी, आणि इंजिनाच्या कामासाठी राखलेले पैसे त्यातच जाणार. इंजिनावर खर्च केला तर वेग वाढतो. पिंजऱ्यावर केला तर, गाडी उलटली नाही तोवर, काहीच वाढत नाही; वजन तेवढे वाढते.

मुलगा बराच वेळ त्या जोडांकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "कापा."

मी आईंना जाऊन सांगितले, पिंजरा पाहिला. काय ऐकले तेही सांगितले.

असा पिंजरा बसविलेली गाडी रोजच्या रस्त्यावर फिरवायची नसते. जिप्सी ट्रकवर चढून मनालीला गेली. मी मदतनिसांच्या गाडीतून मागोमाग. रोहतांगच्या पोटातला ९ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये उघडला. आम्ही गेलो तेव्हा ३९७८ मीटर उंचीची ती खिंड चढूनच ओलांडावी लागे. पलीकडे ग्रांफूला रस्ता फुटतो. डावीकडे लाहौल, उजवीकडे स्पिती. उजवीकडे वळलो आणि रस्ता संपला. उरले ते नदीकाठचे धोंडे. खाली चंद्रा नदी राखी रंगाची, वर उघडे डोंगर, आणि मधूनमधून रस्त्यावरूनच वाहणारे नाले. हे नाले पहाटे गोठलेले असतात. ऊन चढले की वरचे बर्फ वितळून त्यांना पाणी चढते. छतरू, बातल ही नावे नकाशावर गावांसारखी दिसतात. प्रत्यक्षात चार झोपड्या आणि एक चहाची किटली. त्या किटलीला मी मनोमन नमस्कार केला.

बातलच्या पुढे कुंझुमची चढण. खिंड ४५५१ मीटरवर. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांहूनही थोडा कमी. माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही लागते. ऐंशी घोड्यांपैकी तीस-पस्तीस घोडे खालीच बसून राहतात. खिंडीत कुंझुम देवीचे देऊळ आहे. येणारा-जाणारा ड्रायव्हर गाडीसकट देवळाला प्रदक्षिणा घालतो.

शर्यतीची पोथी मी तेथे पाहिली. चालकाच्या शेजारी बसणारा सोबती ती वाचतो. तिच्यात अक्षरे थोडी आणि खुणा फार. वळण कोठे, नाला कोठे, किती अंतरावर. धोका उद्गारचिन्हांनी दाखवितात. एक म्हणजे जपून, दोन म्हणजे फार जपून, तीन म्हणजे पुढे दरी आहे असे धरून चाला. आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत उद्गारचिन्हांचा पाऊस असतो; येथे मात्र तिसरे उद्गारचिन्ह काढणारा प्रत्येक वेळी त्याची किंमत जाणून काढतो.

शर्यत बघणे म्हणजे थंडीत तीन तास उभे राहणे. गाड्या एकामागून एक ठरावीक अंतराने सुटतात. झुंज घड्याळाशी असते. लोसरच्या अलीकडे मी उभा होतो. दूर धुळीची शेपटी दिसली, दगडांचा खडखडाट झाला, क्षणभर आमची जिप्सी हवेत आणि लगेच नाल्यात, आणि मग पुन्हा शांतता. या क्षणासाठी भोसरीत पाच महिने खपले होते.

रात्री काझ्याला कळले की मागच्या डाव्या पाट्यांतला मुख्य पाटा तुटला होता. तपमान शून्याच्या खाली. उघड्या हाताने पाना धरला तर बोटे चिकटल्यासारखी होत. मिस्त्री गाडीखाली पाठीवर झोपून काम करीत होते, आणि शिष्य त्यांच्यासाठी बॅटरी धरून बसला होता. मध्यरात्रीनंतर पाटा बसला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा निघाले, आणि शेवटपर्यंत गेले. निकालाच्या यादीत त्यांचे नाव वरून शोधण्यापेक्षा खालून शोधणे सोपे होते. त्याचे दुःख त्याला झाले असेल. पण निकाल वाचून झाल्यावर तो आधी मिस्त्रींच्या पाया पडला.

फोन लागायला पुष्कळ वेळ गेला. आईंनी नंबर विचारला नाही. "पिंजरा?" एवढेच विचारले.

"त्यावरचा रंगसुद्धा उडाला नाही," मी सांगितले.

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग त्या हसल्या. "म्हणजे सर, सगळे पैसे वायाच गेले म्हणायचे."