अडीच व्होल्ट

‘संगणकाला फक्त शून्य आणि एक कळतात’ हे वाक्य आम्हीही वर्गात कैक वेळा उच्चारले आहे. वस्तुतः त्याच्यापाशी असते ते व्होल्टेज, आणि ते सलग असते. त्यातून दोन टोके वेगळी काढण्याचे काम सीमॉस इन्व्हर्टर करतो. फ्रँक वॉनलास यांनी १९६३ साली मांडलेली ही रचना दिसायला अगदी साधी: वर पी-मॉस, खाली एन-मॉस आणि दोघांची गेट एकत्र जोडलेली. दोन्ही टोकांना एक जण झोपलेलाच असल्यामुळे पुरवठ्यापासून ग्राउंडपर्यंत प्रवाहाला जवळजवळ वाटच नसते. मध्ये मात्र दोघेही जागे असतात, आणि इनपुट किंचित हलले तरी आउटपुट कड्यावरून कोसळावे तसे खाली येते.

हा कडा आम्ही प्रथम मोजला तो विद्यार्थिदशेत, ४००७ ही चिप ब्रेडबोर्डावर खोचून. पुरवठा पाच व्होल्टचा. पुस्तकातला आलेख नेमका अडीचवर उतरणारा. आमचा उतरला २.२ वर. मल्टीमीटरला दोष देऊन आम्ही प्रयोगवहीत अडीच लिहिले. गुण पैकीच्या पैकी मिळाले.

मल्टीमीटर बिचारा खरेच बोलत होता. सिलिकॉनमध्ये होल इलेक्ट्रॉनांपेक्षा दोन-तीन पटींनी संथ; तेवढ्या पटीने पी-मॉस रुंद केला (आणि दोघांचे थ्रेशोल्ड सारखे असले) तरच कडा मध्यावर येतो. रुंदी वाढवावी तर जागा आणि कपॅसिटन्स वाढतात, म्हणून रचनाकार पुष्कळदा थोडे कमीच देतो. मग एन-मॉसची सरशी होऊन कडा खाली सरकतो, आणि शून्याच्या बाजूचे नॉइज मार्जिन तेवढे आखडते. आलेखाचा उतार जिथे उणे एक होतो त्या दोन बिंदूंपलीकडेच शून्य किंवा एक म्हणण्याचा अधिकार. मधले कुणाचेच नाही.

हे सारे पुढे आम्ही शिकवू लागलो. एका वर्षी एका मुलाच्या वहीत २.२ दिसले, आणि आमच्या हातून त्यावर लाल रेघ ओढली गेली.

“सर, तीनदा मोजलं,” तो म्हणाला.

आम्ही त्याच्यासोबत चौथ्यांदा मोजले. २.२३ आले. लाल रेघ पुसता येत नाही. तिच्याशेजारी ‘बरोबर’ लिहून सही केली.

आमची जुनी प्रयोगवही घरी ट्रंकेत आहे. तिच्यातला आलेख अजून अडीचवरच उतरतो.