लेखनाच्या वरच्या वर्गात येणाऱ्यांस

लिहिता येणे आणि लेखन करणे या दोहोंत किती अंतर आहे, हे पदवीचे गुणपत्रक नुकतेच हाती पडलेल्या तरुणास सांगून पटत नाही. आजवर त्याने शेकडो पाने लिहिली आणि त्यांवर गुणही मिळविले. मग वरच्या वर्गात पहिल्याच पंधरवड्यात त्याची वही तांबड्या शाईने रंगून परत आली, की त्यास तो अपमान वाटतो. पालघरास हा वर्ग आम्ही बरीच वर्षे घेत आलो आहो; म्हणून त्यात नव्याने येणाऱ्यांस, आणि त्यांस पाठविणाऱ्या आईबापांसही, चार शब्द सांगावेसे वाटतात.

आमचे विद्यार्थी डहाणू लोकलने बोईसर-वाणगावाकडून येतात. कोणी सातपाटीच्या मच्छीमाराचा मुलगा, कोणी वारली पाड्यावरची मुलगी, कोणाचे वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे. घरी कोणी वाडवळी बोलतो, कोणी मांगेली, कोणी गुजराती. वहीत मात्र सर्वांची भाषा एकच, आणि तीही उसनी! समुद्र आला की तो अथांग, डोंगर आला की तो हिरवागार. ज्याच्या अंगणात बोंबील वाळतात, त्याच्याही निबंधास त्यांचा वास येत नाही. या वर्गातील खरी अडचण व्याकरणाची नव्हे. पाहिलेली गोष्ट पाहिली तशी सांगण्याची आहे.

तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे त्याच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठविण्यात आली. तेथील एका घरच्या मुलाने आपल्या गावावर निबंध लिहून आणला. तीन पानांत ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द अकरा वेळा आला होता. घर एकदाही आले नव्हते. तो शब्द खोटा होता असे नव्हे. पण तो कचेरीने याद्या करण्यासाठी घडविलेला. आजीस त्या नावाने कोणी हाक मारीत नसते. आम्ही समासात एवढेच विचारले, ‘जुन्या घराचे दार कोणीकडे होते?’ दुसऱ्या खेपेस तो रागावून आला. तिसऱ्या खेपेस वहीत दार होते, विहीर होती, आणि दुसरीकडे नेता न आलेले चिंचेचे झाड होते. तो अकरा वेळा आलेला शब्द आता शेवटी एकदाच आला होता, आणि तेथून तो काढू म्हटले तरी काढता येत नव्हता.

नमुना हवा असेल तर तो दूर शोधावयास नको. १७३९ साली पोर्तुगीजांकडून तारापूरचा किल्ला घेताना बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्यांच्या आईस चिमाजी आप्पांनी लिहिलेले सांत्वनपत्र अवश्य वाचावे. जय मोठा होता, लिहिणाराही मोठा होता. तरी पत्रात पाल्हाळ नाही. आपले पत्र कोण वाचणार आहे, याचा लिहिणाऱ्यास क्षणभरही विसर पडलेला नाही.

तेव्हा मित्रहो, पहिला खर्डा लवकर करा आणि दोन दिवस मिटून ठेवा. मग तो मोठ्याने वाचा. जेथे जीभ अडेल तेथे बहुधा विचारही अडलेला असतो. तांबडी शाई वाक्यावर आहे, तुमच्यावर नव्हे, हे ध्यानी धरा. मात्र शिक्षकास रुचेल तेच लिहिण्याचा मोहही टाळा. त्यात शिक्षकाचा एक वाचक घटतो आणि तुमचा एक निबंध वाया जातो. घरच्या बोलीतील नेमका शब्द ग्रांथिक नाही म्हणून लाजून खोडू नका.

आणि आईबापांस विनंती, की किती गुण पडले हे आधी विचारू नये. मुलगा अथवा मुलगी जुन्या अवजाराचे, जाळ्याचे, पाखराचे नाव विचारावयास आली, तर हातचे काम ठेवून सांगावे. आमच्या वर्गात जे शिकविता येत नाही, ते त्यांस तेथेच मिळणार आहे.