शिरूर अनंतपाळ : पत्त्याच्या खुणा

महाराष्ट्रात शिरूर नावाची गावे अनेक आहेत. एक पुणे जिल्ह्यात, बीड जिल्ह्यात शिरूर कासार, आणि लातूर जिल्ह्यातच अहमदपूर तालुक्यात शिरूर ताजबंद. म्हणून निलंगा व उदगीर यांच्या दरम्यान, तूर-सोयाबीनच्या काळ्या रानात वसलेल्या या शिरूरला ‘अनंतपाळ’ जोडूनच ओळखावे लागते. पत्ता चुकू नये यासाठी एवढी दक्षता घेणारी आपली भाषा वेशीच्या आत आली की निराळ्या खुणा सांगू लागते. मराठवाड्याच्या जुन्या गावांत वाट विचारणाऱ्यास आजही वस्तीची जात सांगितली जाते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशा नावांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचविली गेली. पाटी बदलणे सोपे होते. नावात काय आहे, असे म्हणणाऱ्यांनी मराठवाड्याचा इतिहास आठवावा. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि त्यानंतर खेडोपाडी दलितांची घरे जळाली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी.

त्या आगी लावणारे हात थोडे असतील. पण ऐकून गप्प बसणारे कान फार होते. आजही चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, भाडेकरूचे आडनाव विचारताना एखादा सभ्य गृहस्थ सहज काही बोलून जातो, कारण समोर सगळे ‘आपलेच’ असतात. तेथे दलित मित्र उपस्थित नसतो. बोलायचे तर त्या ‘आपल्यां’पैकीच कोणी बोलावे लागते. १९२७ साली महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. त्यांच्या धैर्याबद्दल संशय नाही. पण परिषदेला निदान व्यासपीठ तरी असते. चाळीस वर्षांच्या मित्राला चहा पिताना टोकणे हे वेगळेच अवघड काम. त्यात वाद जिंकून भागत नाही, मैत्रीही राखायची असते.

“खुणेसाठी म्हणतो रे, मनात काही नसतं,” असे उत्तर ठरलेले असते. त्यावर रागावण्यापेक्षा एवढेच विचारावे, “तिथं राहणाऱ्याच्या देखत हीच खूण सांगशील का?” मग बहुधा थोडा वेळ कोणी बोलत नाही. नंतर सोयाबीनच्या भावाचा विषय निघतो.